कारणाचा रकाना

परवा संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात चाळिशीचा एक गृहस्थ उभा. हातात प्लॅस्टिकची फाईल, शर्टाच्या बाहीवर ऑईलचा डाग. "ओळखलासा काय सर?" म्हणाला. मी नेहमीसारखं अर्धवट हसून वेळ मारून नेली. (तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे हसू जमतंच.) तो आत आला, बसला, पाणी प्यायला आणि फाईलमधून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. शाळा सोडल्याचा दाखला, साल 1999. मुलगी बारावी सायन्सला आहे, तिच्या जात पडताळणीला बापाचा दाखला लागतो आणि ह्या झेरॉक्सवर जन्मगावाच्या नावातलं एक अक्षर उठलेलं नाही. दुसरी प्रत काढायची तर शाळेत कुणाला भेटावं, एवढंच विचारायला तो आला होता.

कागद हातात घेतला आणि अक्षर ओळखलं. माझंच होतं. त्या आठवड्यात क्लार्क रजेवर होते म्हणून दाखला मी लिहिला होता. एकेक ओळ वाचत खाली आलो. 'वर्तणूक : चांगली.' 'शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून.'

आणि मग तो आठवला. नववी ब. शेवटून दुसरा बाक. दप्तरात गांजाची पुडी सापडलेला.

पालकांनी कसलीही विनंती केलेली नव्हती. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो : मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, वर्गशिक्षक म्हणून मी, आणि त्याचे वडील. तो उभा. तासभर बोलणं झालं. शाळेचं नाव, बाकीच्या पोरांवर होणारा परिणाम, पोलिसांत न देण्याचे उपकार, बापाचे कष्ट... सगळं झालं. वडिलांनी आमच्यासमोरच दोन थोबाडीत दिल्या. त्या तासाभरात पोरगा एक शब्द बोलला नाही. आणि मुख्य म्हणजे, त्याला आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. 'लाज वाटत नाही का?' हा प्रश्न धरायचा नसतो.

तो रकाना वाचून मी दचकलो, त्याला आणखी एक कारण होतं. गेला महिनाभर मी एक जुना सरकारी अहवाल वाचतो आहे. त्यातही असाच एक रकाना आहे.

*

1893 च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानातल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला गेला. गांजा तेव्हा इथं सरकारमान्य दुकानात मिळत असे, त्यावर सरकार कर घेत असे, आणि या गांजानं हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरत चालली आहेत अशी तिकडच्या दारूबंदीवाल्या मंडळींची तक्रार होती. सरकारनं जुलैमध्ये आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासद, त्यातले तीन हिंदी. हे लोक गावोगाव हिंडले, 1193 साक्षी नोंदवल्या आणि 1894 मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं तो आता इंटरनेटवर ठेवला आहे, ज्यांना सवड आहे त्यांनी जरूर वाचावा. सरकारी कागदही इतका रंजक असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

मला त्यातलं वेडाचं प्रकरण सगळ्यात जास्त भिडलं. इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांत 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे, आणि त्यात 'गांजा' ही नोंद भरपूर. 1892 साली देशभरात 1344 माणसं अशा इस्पितळांत दाखल झाली, त्यातली 222 गांजामुळे वेडी झाली असं कागद सांगत होते. शंभरात सोळा-सतरा! आयोगानं या नोंदी जशाच्या तशा घेतल्या नाहीत. एकेका रुग्णाची फेरचौकशी करवली, त्याच्या गावी, नातेवाइकांकडे. 'गांजा' हे कारण आलं कुठून, याचा माग काढला.

तर ते आलं होतं पोलिसांकडून. रस्त्यात एखादा वेडसर माणूस सापडला की पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करत. सोबत एक छापील फॉर्म जाई. त्यात कारणाचा रकाना रिकामा ठेवून चालत नसे. माणूस परगावचा, नातेवाईक नाहीत, बोलणं असंबद्ध. मग काय लिहायचं? फकिरासारखा, गोसाव्यासारखा दिसतो ना, लिहा 'गांजा'. इस्पितळातला डॉक्टर तीच नोंद आपल्या वहीत उतरवून घेई, तीच वर्षाच्या तक्त्यात जाई आणि तोच तक्ता पुढं पुरावा म्हणून दाखवला जाई.

फेरचौकशीनंतर 222 चे 98 उरले. त्यातही 37 जणांच्या बाबतीत गांजाच्या जोडीला दुसरं कारण होतंच. निव्वळ गांजाशी नातं जोडता येईल अशी माणसं उरली 61.

आयोगाचा एकूण निष्कर्ष असा, की माफक सेवनानं सहसा नुकसान होत नाही, अतिसेवनानं होतं, आणि बंदीपेक्षा कर व नियंत्रण बरं. ह्या निष्कर्षाचा आधार घेऊन आजकाल काही तरुण मंडळी 'बघा, इंग्रजांनीही गांजा निर्दोष ठरवला' म्हणतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, 61 म्हणजे शून्य नव्हे. दुसरी, आयोग बोलत होता ते मुख्यतः मोठ्या माणसांबद्दल. पंधरा वर्षांच्या पोराचं गणित निराळं आहे. 1987 मध्ये स्वीडनमधल्या 45 हजारांहून अधिक लष्करभरतीच्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा-चरस ओढलेल्यांमध्ये पुढं स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे सहापट आढळलं. पुढच्या तपासणीत इतर कारणं वजा केल्यावर हा आकडा खाली आला, पण नाहीसा झाला नाही. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. जितक्या लहानपणी आणि जितका रोज, तितका धोका जास्त.

म्हणजे 'गांजा' हे उत्तर दरवेळी खोटंच होतं असं नाही. पण माणसाला न विचारता लिहिलेलं उत्तर बरोबर निघालं तरी ते उत्तर नसतं, अंदाज असतो.

*

आमच्या कोल्हापुरात पोरांना व्यसनापासून लांब ठेवायची खास जागा म्हणजे तालीम. बाहेरगावच्या लोकांना 'थंडाई' म्हटलं की भांग आठवते. इथल्या पैलवानाची थंडाई म्हणजे बदाम, खसखस, बडीशेप कुंडीत तासभर घोटून केलेलं दूध! वस्तादाचा शब्द खाली पडत नसे. पहाटे चारला उठायचं, मेहनत करायची, आणि बाकीचं वस्ताद बघून घेतील. ही व्यवस्था हजारो पोरांच्या कामी आली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जो पोरगा वस्तादाच्या धाकातून निसटला, त्याच्यासाठी तिच्यात पुढचं पान नव्हतं. तो तालमीतून गेला की गेलाच.

दुसरी जागा कीर्तनाची. गाडगेबाबांच्या कीर्तनाच्या आठवणी आमच्या वडिलांच्या पिढीकडं होत्या. बाबा उपदेशाला बसत नसत, समोरच्या माणसांना प्रश्न विचारत सुटत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. हजारोंच्या जमावाला बोलतं करणं ही केवढी ताकद! पुढं जे सांगणार आहे त्याच्या अगदी जवळ जाणारी ही आपल्या मातीतली पद्धत. फरक एवढाच, की बाबांना उत्तर आधीच ठाऊक असे.

आणि तिसरी जागा कायद्याची. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात गांजाही होता. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानं गांजाचा चैनीसाठी होणारा वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याचं ठरवलं, आणि मुदत संपत आली तेव्हा आपल्याकडं 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा आला. तो अंमलात आला 14 नोव्हेंबरला. म्हणजे बालदिनी! योगायोगच, पण लक्षात राहणारा. या कायद्यानं सरकारी दुकानं गेली आणि गांजा गल्लीबोळात गेला. दुकानात निदान गिऱ्हाइकाचं वय दिसत होतं.

कायद्यात एक दार मात्र ठेवलेलं आहे, आणि ते फार थोड्या पालकांना माहीत असतं. कलम 64 अ. व्यसनी माणूस अल्प प्रमाणासाठी किंवा सेवनासाठी पकडला गेला आणि मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार पुरे करायचे, ही अट. शिवाय अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, मोठ्यांच्या कोर्टात नाही. 1999 मध्ये आम्ही त्याच्या वडिलांना 'पोलिसांत दिलं तर दहा वर्षं आत जाईल' असं सांगितलं होतं. आम्हालाही काही माहीत नव्हतं. धाक घालायला माहिती लागत नाही.

*

महाराष्ट्रात या पोरांशी बोलायला कुणी सुरुवात केली? मला तरी 'मुक्तांगण'पाशीच थांबावंसं वाटतं.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगरनं, म्हणजे गर्दनं, कहर केला होता. कॉलेजातली पोरं घरातली भांडी विकत होती. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली, पुढं 'गर्द' हे पुस्तक झालं. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदत देऊ केली. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्या रुग्णालयाच्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 ला मुक्तांगण सुरू झालं.

येरवडा! आम्हा कोल्हापूरकरांना वेड्यांचं इस्पितळ म्हटलं की रत्नागिरी आठवतं, ते 1886 पासूनचं. कुणी फार तिरपागडं वागायला लागलं की 'ह्याला रत्नागिरीला धाडा' हे ठरलेलं. पुण्याकडं तोच मान येरवड्याचा. ज्या इमारतींच्या तक्त्यांत एकेकाळी 'कारण : गांजा' लिहिलं जाई, तसल्याच एका आवारात शंभर वर्षांनी नशेत सापडलेल्या माणसांना कुणीतरी समोर बसवून विचारू लागलं, की बाबा रे, तुझं काय झालं?

तिथं मारहाण नव्हती. पेशंट अनितांना 'मॅडम' म्हणत आणि अवचटांना 'बाबा'. नशा उतरताना होणाऱ्या हालांना पोरांचा शब्द 'टर्की', तोच डॉक्टरही वापरू लागले. बरे झालेले लोक नव्यांशी बोलायला बसू लागले, कारण त्यांना फसवता येत नाही. आणि बायका, आईबाप यांनाही बोलावलं जाई, कारण घर बदललं नाही तर माणूस परत तिथंच जातो. अनिता अवचट 1997 मध्ये कॅन्सरनं गेल्या, अनिल अवचट 2022 च्या जानेवारीत. काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर पाहतात.

पण मुक्तांगणची मांडणी झाली ती गर्द आणि दारूसाठी. गांजाकडं आपण सगळेच जरा कमी गांभीर्यानं बघत आलो. 'झाडपालाच आहे की', 'शंकराचा प्रसाद', 'गर्द नाही ना, मग ठीक'. त्यामुळं गांजा ओढणारं पोरगं दोन टोकांच्या मधे सापडतं. एक टोक म्हणतं यात काही नाही, दुसरं म्हणतं याला आत टाका. दोघांनाही त्याच्याशी बोलायची गरज पडत नाही.

*

आता बोलायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. कारण 'समुपदेशन' हा आपण केलेला शब्दच मुळात घोटाळ्याचा आहे. त्याच्या पोटात 'उपदेश' बसला आहे! पोराला सांगितलं की उद्या समुपदेशनाला जायचं आहे, तर त्याला बरोबर उपदेशच ऐकू येतो आणि तो कान मिटून घेतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी विल्यम मिलर नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दारू पिणाऱ्यांवरच्या उपचारांचा अभ्यास करत होता. त्याच्या ध्यानात आलं, की उपचार तोच असूनही काही सल्लागारांचे लोक जास्त सुधारतात, काहींचे कमी. फरक कशाचा? तर जो नीट ऐकून घेतो, त्याचे लोक पुढं कमी पितात. पुढच्या एका अभ्यासात उलट बाजूही दिसली : सल्लागार जितका खोडून काढतो, तितका माणूस जास्त पितो. पुढं तो नॉर्वेत गेला असताना तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांनी त्याला पेशंटचं सोंग घेऊन प्रश्न विचारले आणि मधेच अडवलं : तुम्ही हेच का विचारलंत? हाच शब्द का? उत्तरं देता देता त्याला आपलीच पद्धत उमगली. 1983 मध्ये त्यानं ती लिहून काढली, आणि 1991 मध्ये स्टीफन रोल्निकबरोबर पुस्तक केलं.

पद्धत वाचायला फार सोपी आहे. सल्लागार पोराला विचारतो, गांजा ओढण्यात तुला चांगलं काय वाटतं? (इथंच आपला बाप खुर्चीवरून उठेल!) पोरगं आधी दचकतं, मग सांगतं. झोप लागते. डोकं शांत होतं. कट्ट्यावरची पोरं आपली वाटतात. मग विचारायचं, न आवडणारं काय? आता त्याला खोटं बोलायची गरज राहिलेली नसते. फुटबॉल खेळताना दम लागतो. वाचलेलं राहत नाही. आईच्या पर्समधून पैसे घेतले ते डोक्यातून जात नाही.

मग एक प्रश्न असा : सोडणं तुला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात सांग. समजा पोरगं म्हणालं, चार. आपल्यासारखा मास्तर लगेच विचारणार, "चारच का? दहा का नाही?" झालं! पोरगं न सोडण्याची सहा कारणं सांगत बसणार. मिलरच्या पद्धतीचा माणूस विचारतो, "चार का? एक का नाही?" आणि मग सोडण्याची कारणं पोराला स्वतःच्या तोंडानं सांगावी लागतात. माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही, पण स्वतःचं बोलणं त्याच्या कानावर पडतं. तीस वर्षांच्या नोकरीत मी 'दहा का नाही' हा एकच प्रश्न विचारत आलो, हे वाचताना मला चांगलंच लागलं.

पुढच्या भेटी जरा शिकवणीसारख्या असतात. कधी ओढावंसं वाटतं, कुठं, कुणाबरोबर, याची वही ठेवायची. रंकाळ्याच्या कुठल्या कोपऱ्यावर गेलं की हात शिवशिवतात, ते आपलं आपल्याला कळतं. मित्रानं पुढं केली तर मैत्री न तोडता 'नको' कसं म्हणायचं, याची चक्क तालीम करायची. सोडल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे झोप येत नाही, भूक लागत नाही, चिडचिड होते. हे आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे पोरगं 'मला वेड लागतंय' म्हणून परत वळत नाही. घरच्यांबरोबर वेगळं बसायचं. आणि पोराला सुरुवातीलाच सांगायचं, की तुझ्या जिवाला किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका नसेल तर इथलं बोलणं बाहेर जाणार नाही.

हे सगळं एवढं लांबवण्याचं कारण असं. दारू सुटायला मदत करणाऱ्या गोळ्या आहेत, गर्दसाठीही आहेत. गांजाच्या व्यसनावर अशी मान्यता मिळालेली गोळी आजवर नाही. इथं बोलणं हेच औषध आहे. त्यामुळं ते नीट तयार केलेलं असावं लागतं.

गुण येतो का? अमेरिकेत चार ठिकाणी गांजा ओढणाऱ्या 600 किशोरवयीन मुलांवर पाच निरनिराळ्या बोलण्याच्या उपचारांची तुलना झाली, 2004 मध्ये ती प्रसिद्ध झाली. सगळ्यात आखूड उपचार पाच बैठकांचा होता : दोन एकट्यानं, तीन गटात. गंमत म्हणजे तो लांबलचक उपचारांच्या तोडीस तोड निघाला. पण वर्षाअखेर पूर्ण सावरलेली मुलं किती? साधारण चौथा हिस्सा. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांचं ओढणं कमी झालं, काहींचं पुन्हा वाढलं, काहींना परत यावं लागलं. जादू नाही ही. 'महिन्यात गॅरंटीने व्यसनमुक्ती' अशा जाहिराती भिंतींवर बघतो तेव्हा हा चौथा हिस्सा आठवावा.

*

"हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडं एवढे डॉक्टर कुठं आहेत?" असं माझा एक मित्र म्हणाला. प्रश्न रास्त आहे. 2019 मध्ये केंद्र सरकारनं एम्सकडून करवून घेतलेली पाहणी जाहीर झाली. देशात गांजा, चरस किंवा भांग घेणारे सुमारे 3 कोटी 10 लाख, आणि त्यापायी मदतीची गरज असलेले सुमारे 72 लाख. एवढ्यांना मानसोपचारतज्ज्ञ पुरायचे कसे?

उत्तराचा एक तुकडा आपल्या शेजारीच आहे, घाट उतरून गोव्यात. तिथं 'संगाथ' ही संस्था 1996 पासून काम करते. त्यांनी गावातल्या साध्या माणसांना, ज्यांच्याकडं मानसशास्त्राची पदवी नाही अशांना, ही ऐकण्याची पद्धत शिकवली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवलं. घातक प्रमाणात पिणारे 377 पुरुष या प्रयोगात होते. चारपर्यंत भेटी, एकेक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी, अशा भेटी झालेल्यांपैकी 36 टक्के सावरले होते, न झालेल्यांपैकी 26 टक्के. 'लॅन्सेट'मध्ये 2017 च्या सुमारास हे छापून आलं. ही मोठी माणसं होती आणि प्रश्न दारूचा होता, हे विसरून चालणार नाही. पण कोकणी-मराठी मुलुखात, साध्या माणसाच्या तोंडून, हे बोलणं चालतं, एवढं तर दिसलं. दहा टक्क्यांचा फरक कागदावर लहान वाटतो. ज्याच्या घरातला माणूस त्या दहात असतो त्याला विचारावं.

आता शाळांतून समुपदेशक नेमा असं सगळे म्हणतात. नेमावेत. सीपीआरला मानसोपचार विभाग आहे, 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं, 14446 हा व्यसनमुक्तीचा नंबर आहे. आईबापांनी हे आकडे लिहून ठेवावेत. पण पुडी सापडते ती बहुधा दप्तरात, आणि सापडते ती वर्गशिक्षकाला. पहिला तास त्याच्या हातात असतो. त्या तासात काय बोलायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हाला कागद भरायला शिकवलं होतं.

*

असो. दाखल्यावर येतो.

चहा झाला. त्यानं शाळा सोडल्यानंतरचं सांगितलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, दुसऱ्या खेपेला सुटला. उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लागला, आता तिथंच स्वतःची दोन लेथ मशीनं आहेत. गांजा सुटायला पुढं सहा-सात वर्षं गेली. एकदम नाही, सुटत-धरत. मधे चार महिने अगदी वाईट गेले, तेव्हा घरच्यांनी त्याला कुठल्याशा मठात नेऊन ठेवलं होतं. त्याबद्दल तो जास्त बोलला नाही.

मी बराच वेळ धीर गोळा करत होतो. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी त्या खोलीत आम्ही तुला काही विचारलंच नाही रे. चुकलं आमचं."

तो हसला. कपातला तळाचा चहा हलवत म्हणाला, "विचारलं असतासा तरी सांगितलं नसतं सर. त्या खोलीत तर न्हाईच."

हे मला सुचलं नव्हतं. इतके दिवस मी मनाशी असं धरून चाललो होतो, की एक प्रश्न विचारला असता तर सगळं निराळं झालं असतं. प्रश्नालाही जागा लागते. बाप समोर नसलेली, दार लोटलेली, उत्तर ऐकून कुणी काही लिहून घेणार नाही अशी. आणि एकदा विचारून भागत नाही. पोरगं पहिल्या भेटीत गप्प बसतं, दुसऱ्या भेटीत खोटं बोलतं, तिसऱ्या भेटीत जरा बघतं की हा माणूस अजून बसलाय का. त्यासाठीच त्या पाच बैठका.

मी गप्प बसलो. (हे मला अलीकडंच जमायला लागलं आहे.) आतून बायकोनं दिवा लावला. आणि मग तो बोलायला लागला. अर्धा-पाऊण तास बोलला. नववीत त्याला झोप का लागत नव्हती, पहिली पुडी कुणी दिली, आणि त्या दिवशी वडिलांनी मारलं तेव्हा त्याच्या मनात काय आलं होतं. ते इथं लिहीत नाही. ते त्याचं आहे.

जाताना दारात चपला घालता घालता त्यानं विचारलं, "मग दुसऱ्या प्रतीचं कसं करू?"

मी सांगितलं, सोमवारी अकरानंतर ऑफिसात जा. साधा अर्ज, आधारची झेरॉक्स, फी असेल ती भर. ते जनरल रजिस्टर काढतील आणि त्यावरून उतरवून देतील.

"सगळं हाय तसंच यील न्हवं?"

"हो," मी म्हटलं. "रजिस्टरात आहे तेच येतं. त्यात आता काही बदलता येत नाही."